सीट लागली, आता कॉट बघा

भाच्याच्या पिशवीत दोन फायली होत्या. एकीत ओरिजिनल, दुसरीत झेरॉक्सचे चार संच. अंथरूण-पांघरूण नव्हतंच. ‘ॲडमिशन झाली तर आणू की मामा,’ म्हणाला. हिंगोलीहून रात्रभर एसटीत बसून तो पुण्याला आला होता, एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या शेवटच्या फेरीसाठी. गणपती बसायला चार दिवस होते. सभागृहात समोर पांढरा फळा, त्यावर मार्करनं लिहिलेलं : सिव्हिल ९, मेकॅनिकल ५, ईएनटीसी २. माइकवरून मेरिट नंबर पुकारला जाई. कुणी उठून गेलं की कारकून बोटानंच आकडा पुसून एक कमी करून लिही. ईएनटीसीच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉमच्या, दोनाचा एक झाला तेव्हा पुढच्या रांगेतले एक गृहस्थ उभेच राहिले. उभं राहिल्यानं नंबर लवकर येणार होता असं नाही, पण बसवतही नव्हतं.

भाच्याचा नंबर आला तेव्हा साडेतीन वाजले होते आणि ईएनटीसी संपलं होतं. त्यानं मेकॅनिकल घेतलं. पाचच्या आत फी भरायची होती, ती दाजींच्या आणि माझ्या अशा दोन खात्यांतून मिळून भरली. पावती हातात आल्यावर त्यानं खिडकीतल्या बाईंना विचारलं, ‘मॅडम, हॉस्टेल?’

‘हॉस्टेलची यादी मागच्या महिन्यातच लागली. बाहेर कॉट बघा.’

त्या बाईंचं काही चुकलं नव्हतं. पण गेली काही वर्षं भाचे, पुतणे, शेजारपाजारची पोरं यांच्या प्रवेशात मामा-काका म्हणून उभं राहिल्यावर मला या एका वाक्यात सगळा प्रश्न दिसायला लागला आहे. सीट वाटण्यासाठी आपण केवढं यंत्र उभारलं आहे : परीक्षा, पर्सेंटाइल, फेऱ्या, कोटे, प्राधिकरणं, कोर्टाची वेळापत्रकं. पण सीट लागलेल्या पोराला पाठ टेकायला जागा देण्याची एकही फेरी त्या यंत्रात नाही. ते काम ज्याच्या त्याच्या मामावर सोडलेलं आहे.

आधी हा ‘शेवटचा क्षण’ येतो कुठून ते बघू. घरात सर्वसाधारण समज असा की पोरानं आळस केला, फॉर्म वेळेत भरला नाही, मार्क कमी पडले. मार्कांचं काही अंशी खरं आहे. बाकी उशीर बहुतेक वेळा पोराचा नसतो. बारावीनंतर विज्ञान शाखेतला मुलगा एका वेळी तीन-चार रांगांत उभा असतो. आयआयटी-एनआयटींसाठी २०१५ पासून ‘जोसा’ची एकत्र प्रक्रिया. वैद्यकीयसाठी नीट, त्यातही सरकारी कॉलेजांतल्या अखिल भारतीय १५ टक्के जागांची दिल्लीची फेरी वेगळी आणि राज्याची वेगळी. इंजिनिअरिंग, फार्मसीसाठी राज्याच्या सीईटी सेलची ‘कॅप’, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया. शिवाय खासगी विद्यापीठं. या रांगा एकमेकींशी बोलत नाहीत. हुशार मुलगा प्रत्येक रांगेत एकेक जागा धरून बसतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. हातची सोडून पळत्यामागे लागू नये हे त्याला घरीच शिकवलेलं असतं. मग सरकणं सुरू होतं. एक मुलगी नागपूरला एमबीबीएसला गेली की अकोल्यात आयुर्वेदाची जागा सुटते, ती घेणारा फार्मसी सोडतो, फार्मसी मिळालेला बीएस्सी सोडतो. वरचा एक माणूस हलला की खाली चार जागा हलतात आणि सगळ्यात खालच्याच्या हाती त्याची जागा येते तेव्हा वर्ग सुरू होऊन महिना झालेला असतो.

वैद्यकीयची गंमत तर औरच. २०२४ मध्ये पाच फेऱ्यांनंतरही एमबीबीएसच्या जागा रिकाम्या राहिल्या म्हणून सर्वोच्च न्यायालयानं २० डिसेंबरला आणखी एक विशेष फेरी घ्यायला सांगितलं आणि ३० डिसेंबरपर्यंत प्रवेश संपवा म्हटलं. डॉक्टरकीची जागा रिकामी जाऊ नये हे बरोबरच. पण तेव्हा ज्याला जागा मिळाली त्यानं नाताळच्या आठवड्यात गाशा गुंडाळून अनोळखी गावी जायचं, आणि ॲनाटॉमीचे दोन-अडीच महिने कसे भरून काढायचे ते ज्याचं त्यानं बघायचं.

इंजिनिअरिंगच्या कॅपमध्ये पसंतीक्रमाच्या फॉर्मात तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात. तीनशे! गावाकडच्या सायबर कॅफेत शेवटच्या रात्री हे पर्याय भरले जाताना मी पाहिले आहेत. कॅफेवाला पोरगा मुलाच्या वडिलांना विचारतो, ‘काका, लोणेरे टाकू का?’ काकांना लोणेरे रायगड जिल्ह्यात आहे हेही माहीत नसतं. ते म्हणतात, ‘टाक.’ यंत्र मात्र त्या ‘टाक’ला पूर्ण विचारांती घेतलेला निर्णय समजतं. २०२५ पासून फेऱ्या तीनाच्या चार झाल्या आणि नियम कडक झाले : पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली तर ती घ्यावीच लागते, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांतली, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांतली. नाही घेतली तर पुढच्या कॅप फेऱ्यांतून बाहेर. हेतू चांगला आहे. जागा धरून ठेवणाऱ्यांना लगाम बसतो आणि खालच्याला लवकर कळतं. पण चौथ्या नंबरला विचार न करता टाकलेलं कॉलेज तिसऱ्या फेरीत गळ्यात पडलं की काका मुलासह महाडच्या एसटीची चौकशी करत उभे.

कॅप संपली की उरते ती संस्था पातळीवरची फेरी, जिला पालक सरसकट ‘स्पॉट’ म्हणतात. एकेका कॉलेजची वेगळी जाहिरात, वेगळा अर्ज, वेगळी गुणवत्ता यादी. पुण्यात अकराला, नाशिकला दोनला. दोन्हीकडे हजर कसं राहायचं? पूर्वी संपूर्ण कॅपच अशी समोरासमोर होत असे, तेव्हा सगळा महाराष्ट्र हेलपाटे मारायचा. ऑनलाइननं ते हेलपाटे संपवले, फक्त शेवटच्या फेरीतल्या मुलांचे ठेवले. म्हणजे कमी मार्कांच्या आणि बहुधा लांबच्या मुलांचे.

इथे पैशाची एक मेख आहे, ती पालकांना पावती फाडल्यावर कळते. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या खुल्या गटातल्या मुलाची निम्मी शिकवणी फी सरकार देतं, पण प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातल्या मुलाला ती मिळत नाही. तेव्हा ‘साहेब, ही जागा कोणत्या खात्यावर धरली आहे?’ हा प्रश्न फी भरण्याआधी विचारायचा असतो. पाच वाजता खिडकी बंद होणार असताना तो कुणाला सुचत नाही. आणि याच सुमाराला ‘अमुक कॉलेजात मॅनेजमेंटमधून करून देतो’ म्हणणारे फोन यायला लागतात. डोनेशन घेण्यावर महाराष्ट्रात १९८७ पासून बंदीचा कायदा आहे, एवढं सांगून पुढे जातो. त्या फोनवाल्यांनाही तो पाठ असतो.

कागदांचं प्रकरण मोठं आहे. राखीव जागेसाठी जात प्रमाणपत्र लागतं, त्यावर पडताळणी समितीची ‘व्हॅलिडिटी’ लागते, इतर मागासवर्गाला नॉन-क्रिमीलेअर लागतं, आणि ते मार्चअखेरीस संपतं. व्हॅलिडिटीचा अर्ज केल्याची पावती लावून मुलगा रांगेत उभा राहतो; प्रमाणपत्र ठरलेल्या तारखेला आलं नाही तर तो खुल्या गटात जातो आणि मिळालेली जागा जाते. दरवर्षी मुदतवाढीच्या मागण्या होतात, दरवर्षी वाढवून दिली जाते, आणि दर मुदतवाढीमागे पुढची फेरी ढकलली जाते. कोर्टाचंही तेच. ९ सप्टेंबर २०२० ला मराठा आरक्षणाच्या २०१८ च्या कायद्याला सर्वोच्च न्यायालयानं स्थगिती दिली तेव्हा अकरावीचे ऑनलाइन प्रवेश अर्ध्यावर थांबले. आधीच करोनाचं वर्ष. त्या आदेशाच्या बऱ्या-वाईटाचा इथे प्रश्न नाही. मुलांच्या बाजूनं बघितलं तर एवढंच की वर कुठेही काही अडलं तरी घड्याळ त्यांचंच पुढे सरकतं.

ओरिजिनलचा घोळ तर जुनाच. पहिल्या कॉलेजात टीसी आणि मार्कशीट जमा, दुसऱ्यात आज पाचपर्यंत हजर करायचे. यूजीसीनं ऑक्टोबर २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे की मूळ कागद तपासून लगेच परत द्यायचे, ठेवून घ्यायचे नाहीत, आणि मुदतीत प्रवेश रद्द केला तर फी परत करायची. तरीही एका कॉलेजच्या टेबलावर माझ्यासमोर कारकुनानं कपाटाची किल्ली ‘सरांकडे आहे’ असं सांगितलं होतं, आणि सर त्या दिवशी लग्नाला गेले होते. किल्ली साडेचारला सापडली. कशी सापडली ते मी विचारलं नाही.

आता घड्याळाची दोन उदाहरणं, दोन्ही सर्वोच्च न्यायालयाच्या दप्तरातली. २०२१ मध्ये एका दलित विद्यार्थ्याला मुंबई आयआयटीत सिव्हिलची जागा लागली. पैसे कमी पडत होते, बहिणीनं पाठवले, पण ऑनलाइन भरणा काही केल्या पुरा होईना. सायबर कॅफेत जाऊन झालं, शेवटी उसने पैसे घेऊन तो थेट त्या वर्षीची प्रक्रिया सांभाळणाऱ्या खरगपूरच्या आयआयटीच्या दारात गेला. मुदत टळली होती. त्या वर्षी २२ नोव्हेंबरला न्यायालयानं ४८ तासांत त्याला जागा द्या, कुणाची काढून नव्हे तर वाढीव द्या, असं सांगितलं. तीन वर्षांनी उत्तर प्रदेशातल्या एका रोजंदारी मजुराच्या मुलाला धनबादच्या आयआयटीत इलेक्ट्रिकल मिळालं. २४ जून २०२४ ला संध्याकाळी पाचपर्यंत १७,५०० रुपये भरायचे होते. गावातून गोळा होऊन हाती आले तेव्हा पाचला काही मिनिटं उरली होती आणि पोर्टल बंद झालं. त्याचा आदेश निघाला ३० सप्टेंबरला. दोघांनाही जागा मिळाली याचा आनंद आहे. पण दोघांचाही गुन्हा काय, तर त्यांच्याकडे त्या क्षणी नगद नव्हती, किंवा होती ती वळती होत नव्हती. रिझर्व्ह बँकेनं डिसेंबर २०२३ मध्ये शिक्षणसंस्था आणि रुग्णालयांसाठी यूपीआयची मर्यादा एक लाखावरून पाच लाखांवर नेली, तेवढी सोय झाली. खात्यात पाच लाख असलेल्यांची.

घर सोडून किती लांब जावं लागेल हे मार्कांइतकंच नकाशावर ठरतं. इंजिनिअरिंगच्या बऱ्याचशा जागांना ७० टक्के गृह विद्यापीठ आणि ३० टक्के बाहेरचे अशी वाटणी आहे. हिंगोली येतं नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात, त्यामुळे पुण्यातल्या कॉलेजात भाचा ‘बाहेरचा’. सरकारचं म्हणणं, स्थानिकांना जागा मिळावी. भाच्याचं म्हणणं, ‘कंपन्या पुण्यात हायत मामा, मग मी नांदेडात काहून बसू?’ दोन्ही बरोबर असल्यानं भांडण मिटत नाही. वैद्यकीयच्या बाबतीत विभागवार ७०:३० कोटा सप्टेंबर २०२० मध्ये रद्द झाला, कारण मराठवाड्यात कॉलेजं कमी आणि चांगल्या गुणांची मुलं जास्त अशी तिथली जुनी तक्रार होती. तेव्हापासून लातूरची पोरं मुंबईला जायला मोकळी झाली, आणि राहायची जागा शोधायलाही.

इंजिनिअरिंगच्या कॅपच्या नियमपुस्तकात एक ओळ अशी आहे जी मला दर वेळी थांबवते. प्रवेशपात्रतेचे प्रकार ए, बी, सी, डी असे आहेत, आणि शेवटचा प्रकार ई : महाराष्ट्र-कर्नाटक वादग्रस्त सीमाभागात शिकलेले, मातृभाषा मराठी असलेले विद्यार्थी. सीमाभागातली ८६५ गावं महाराष्ट्रात अजून आलेली नाहीत, पण त्यांची मुलं आपल्या प्रवेशयादीत केव्हाचीच आली आहेत. बेळगाव-खानापूरकडची मुलगी कोल्हापूर, सांगलीला येते तेव्हा ती राज्य ओलांडते आणि नियमानं ओलांडतही नाही.

राज्याबाहेर जाणाऱ्यांची वाट २०२२ मध्ये केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी ही सामाईक परीक्षा आल्यावर रुंद झाली. बारावीला शंभरातले अठ्ठ्याण्णव नसले तरी दिल्ली विद्यापीठाचं दार उघडू शकतं हे आपल्याकडच्या कला शाखेच्या मुलांना तेव्हा कळलं. तिथल्या स्पॉट फेरीत मिळालेली जागा घ्यावीच लागते. नाही म्हटलं की त्या वर्षापुरता खेळ संपला. हिंदी जेमतेम, थंडीचे कपडे नाहीत, आणि फेरी लागल्यापासून दोन-तीन दिवसांत निर्णय.

इंग्लंडातही शेवटच्या क्षणाची व्यवस्था आहे, तिला क्लिअरिंग म्हणतात. ऑगस्टच्या मध्यात ए-लेव्हलचे निकाल लागतात, यूकॅस ही मध्यवर्ती संस्था कुठे काय रिकामं आहे ते दाखवते, आणि मुलगा विद्यापीठाला स्वतः फोन करतो. पलीकडचा माणूस मार्क विचारतो, दोन प्रश्न विचारतो, आणि जमलं तर तिथल्या तिथे जागा देऊ करतो. सत्र सुरू व्हायला अजून महिनाभर असतो. तिथेही वसतिगृहाची हमी बहुधा आधीच पसंती पक्की केलेल्यांना, क्लिअरिंगवाल्यांना उरलंसुरलं. म्हणजे खाटेची अडचण सातासमुद्रापलीकडेही चुकलेली नाही. फरक एवढाच की त्याच फोनवर मुलगा खोलीचंही विचारू शकतो. आपल्या कॅपच्या पोर्टलवर हॉस्टेल हा रकाना कॉलेजच्या माहितीत असतो, वाटपात नसतो.

तर खाट. आपल्याकडे हा विचार नव्हता असं अजिबात नाही. उलट जागा आधी आणि शाळा नंतर, असा आपला जुना रिवाज. पुण्यात गरीब ब्राह्मणांची मुलं माधुकरी मागून, वार लावून जेवत आणि शिकत. सोमवार या घरी, मंगळवार त्या घरी. पण वार लावायला जात लागे. ज्यांना कुणाच्या ओसरीवर जागा नव्हती त्यांचं काय, हा प्रश्न शाहू महाराजांनी ओळखला. १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं, त्याच वर्षी जैन, मग मुस्लिम, लिंगायत, आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. जातवार बोर्डिंग काढली म्हणून आज नाक मुरडता येतं, पण त्या काळात हाच मार्ग चालणारा होता. त्या जैन बोर्डिंगातच राहिलेल्या आणि तिथून बाहेर काढल्या गेलेल्या भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं एकत्र बोर्डिंग काढलं. मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रही सोडलं नाही. बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढलं तेव्हा मराठवाड्यातल्या खेड्यांतून आलेल्या मुलांनी राहायचं कुठे हा विचार कॉलेजच्या नागसेनवन परिसराच्या आखणीतच होता. पुण्यात अच्युतराव आपट्यांनी १९५५ मध्ये विद्यार्थी सहाय्यक समिती काढली, ती आजही खेड्यातल्या मुलामुलींना नाममात्र खर्चात ठेवून घेते. या सगळ्या माणसांना एक गोष्ट कळली होती : मुलगा शिकायला येत नाही तो वर्गात बाक नाही म्हणून नव्हे, रात्री कुठे झोपायचं हे ठरत नाही म्हणून.

१९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित खासगी इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि बाक वाढले. झपाट्यानं वाढले. खाटांचं कुणी मनावर घेतलं नाही. ती पोकळी भरली कॉट बेसिसनं. हा शब्द पुण्याबाहेरच्यांना समजावून सांगावा लागतो : खोली नव्हे, खोलीतली एक खाट भाड्यानं. सदाशिव, नारायण पेठेत स्पर्धा परीक्षावाल्यांनी ती पद्धत रुळवली, आता बायपासच्या पलीकडच्या कॉलेजांभोवतीही तीच.

भाच्याला आम्ही त्याच संध्याकाळी जागा शोधली. विजेच्या खांबावर चिकटवलेले कागद, प्रत्येकाच्या तळाशी फोन नंबराच्या कातरलेल्या झिरमिळ्या. तिसऱ्या ठिकाणी जमलं. दहा बाय बाराच्या खोलीत चार लोखंडी कॉट, प्रत्येकीखाली एक ट्रंक मावेल एवढी जागा, दाराशी चपलांचा ढीग. रिकाम्या कॉटच्या वर भिंतीवर आधीच्या मुलानं पेन्सिलीनं एम-थ्रीची, म्हणजे गणित-तीनची, सूत्रं लिहून ठेवलेली आणि शेजारी तारखा, एकेक खोडलेली. भाडं तीन हजार, दोन महिन्यांचं डिपॉझिट, अकरा महिन्यांचा करार. मालकीणबाईंनी अटी सांगितल्या : रूमवर स्वयंपाक नाही, मित्र मुक्कामी नाहीत, रात्री अकराला गेट बंद. दोन दिवसांनी दाजी गादी सुतळीनं बांधून घेऊन आले. खोली बघून म्हणाले, ‘एवढ्या पैशात हिंगोलीत अख्खं घर भेटतंय.’ मग खाली बसून त्यांनी कॉटचा डुगडुगणारा पाय कागदाची घडी घालून नीट केला.

मेस तीन हजार दोनशे. रविवारी दुपारी फीस्ट, संध्याकाळी बंद. सुट्टीला गावी गेलं तर खाडे धरतात, पण सलग चारच्या वर असतील तरच. हा हिशोब मी सांगतोय तो सरकारी हिशोबाशेजारी ठेवण्यासाठी. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजनेतून पैसे मिळतात. २०१६-१७ मध्ये योजना आली तेव्हा पुणे-मुंबईसारख्या शहरांसाठी वर्षाला ६० हजार ठरले, त्यात जेवणाचे ३२ हजार, राहण्याचे २० हजार, निर्वाहाचे ८ हजार. वीस हजारांना बारानं भागलं तर महिना १,६६६ रुपये. तेवढ्यात पुण्यात कॉटचा अर्धा भाग येतो. इतर मागासवर्गासाठी सावित्रीबाई फुले आधार योजना, आदिवासी मुलांसाठी स्वयम्, शेतकऱ्यांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुखांच्या नावचा निर्वाह भत्ता. योजना आहेत, आणि चांगल्या आहेत. पण प्रत्येकीची सुरुवात ‘प्रवेश झाल्याचं बोनाफाईड जोडा’ इथून होते. मग तपासणी, मग हजेरी, मग हप्ता. मालकीणबाई डिपॉझिट पहिल्या दिवशी मागतात. शेवटच्या फेरीतल्या मुलाचं बोनाफाईडच उशिरा, म्हणजे हप्ताही सगळ्यांच्या मागून.

रोख देऊन मोकळं होण्याला आदिवासी मुलांनी विरोध केला होता, तो मला नीट समजायला वेळ लागला. २०१८ मध्ये आदिवासी वसतिगृहांतल्या मेस बंद करून जेवणाचे पैसे थेट खात्यात टाकायचं ठरलं. त्या जुलैत मुलं पुण्याहून नाशिकला पायी निघाली. वरून बघता वाटतं, पैसे मिळतायत तर काय बिघडलं? बिघडतं ते असं की खात्यातले पैसे गावाकडच्या निकडीला आधी जातात, आणि शहरात नव्यानं आलेल्या पोराला ताट वाढून मिळण्याला पर्याय नसतो.

ज्यांना यातलं काहीच मिळत नाही ते मित्राच्या खोलीवर चोरून राहतात. पुणे विद्यापीठाच्या हॉस्टेलात अशा मुलाला ‘पॅरासाइट’ म्हणतात. तो शब्द तिथे शिवी म्हणून वापरला जात नाही. ‘सध्या मी पॅरासाइट आहे’ असं पोरं स्वतःच सांगतात. एका कॉटवर दोघं, किंवा एक कॉटवर एक खाली. रेक्टरची फेरी आली की एक जण गच्चीवर.

मुलींचं गणित निराळं. ८ जुलै २०२४ च्या शासननिर्णयानं आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या, आर्थिक मागास, इतर मागास आणि मराठा गटातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. फार मोठी गोष्ट आहे ही. पण मुलगा मित्राच्या खोलीवर जमिनीवर आठ दिवस काढू शकतो, मुलीला घरचे तसं पाठवत नाहीत. शेवटच्या फेरीत लांबची जागा लागली आणि हॉस्टेल नाही, म्हणजे तिच्यासाठी जागा नाहीच. माझ्या शेजारच्या मुलीला अशीच कॉम्प्युटरची जागा लागली होती, फी शून्य. वडील दोन दिवस पुण्यात फिरले आणि परत येऊन म्हणाले, गावातच बीसीए करू दे. फीमाफीच्या आकडेवारीत अशी मुलगी कुठे दिसत नाही, कारण तिनं प्रवेशच घेतला नाही.

उशिरा पोचलेल्याची पहिली टर्म कशी जाते हे सांगायला भाच्याची वही पुरे. एम-वनची पहिली दोन युनिट झालेली, वर्कशॉपचा पहिला जॉब जमा करून झालेला, प्रॅक्टिकलच्या बॅचेस ठरलेल्या. ७५ टक्के हजेरीचा हिशोब कॉलेज सुरू झाल्याच्या तारखेपासून धरायचा की याच्या प्रवेशाच्या तारखेपासून, यावर त्याला तीन जणांनी तीन उत्तरं दिली. वर्गात ग्रुप पडून गेले होते. शेवटी त्याच्याच खोलीतल्या एका उदगीरच्या पोरानं त्याला रात्री बसवून मॅट्रिक्स शिकवलं. एम-वन सुटला. फिजिक्स राहिला, तो पुढच्या वेळी निघेल.

यावर काय करता येईल हे रॉकेट उडवण्याइतकं अवघड नाही. प्रत्येक कॉलेजनं आणि समाजकल्याणच्या वसतिगृहानं काही खाटा शेवटच्या फेरीसाठी राखून ठेवाव्यात. जागा राखीव ठेवण्याची आपल्याला एवढी सवय आहे, मग खाटा का नाहीत? सीट ॲलॉटमेंटच्या पत्रातच हॉस्टेलचा अर्ज हवा. आणि शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता बोनाफाईडची वाट न बघता त्या पत्रावर सुटायला हवा. पत्र सरकारनंच दिलेलं असतं, ते खरं आहे की खोटं हे सरकारला माहीत असायला हरकत नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी भाच्याचा फोन आला. ‘मामा, हॉस्टेलच्या वेटिंगला नंबर लागला.’ वर्षाचे पैसे एकरकमी भरायचे होते, आणि मालकीणबाईंनी करारावर बोट ठेवून डिपॉझिट परत मिळणार नाही म्हटलं होतं. त्यानं नको कळवलं. यादीतला पुढचा मुलगाही कुठेतरी करारात अडकलेला होता, त्यानंही नको कळवलं. फेब्रुवारीत मी कॉलेजवर गेलो तेव्हा भाच्यानं मला हॉस्टेलमधली ती खोली दाखवली. खाट रिकामीच होती. बाजूच्या पोरांनी तिच्यावर कपडे वाळत घातले होते.